चुलत भावाचा चेहरा

१९९०च्या दशकात जीवशास्त्रज्ञांपुढे एक विचित्र पेच होता. प्रथिनातल्या अमिनो आम्लांचा क्रम भराभर कळत होता, पण ती साखळी दुमडून नेमका कोणता आकार घेते हे बघायचं तर प्रथिनाचे स्फटिक बनवून त्यांवर क्ष-किरण सोडावे लागत. त्यात वर्षं जात. औषध किंवा लस बनवायला नुसता क्रम पुरत नाही, आकार लागतो. कुलूप न बघता किल्ली कशी घासणार?

यावरचा उपाय अगदी घरगुती वाटावा असा होता. एका कुळातली प्रथिनं दिसायलाही सारखी असतात. मग एकाचा आकार माहीत असेल, तर दुसऱ्याचा क्रम त्याच साच्यावर बसवायचा. याचं नाव होमॉलॉजी मॉडेलिंग.

याचं एक उत्तम उदाहरण पुण्यातलं आहे. मी संगमनेरला बसून सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या इथल्या कॉलेजांना पदव्या देणाऱ्या पुणे विद्यापीठातच १९८७ साली बायोइन्फर्मेटिक्स सेंटर सुरू झालं. तिथे अशोक कोळस्कर आणि ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांनी जपानी मेंदूज्वराच्या विषाणूचं ‘ई’ प्रथिन अभ्यासाला घेतलं. हा आजार डासांमुळे पसरतो आणि मुख्यतः लहान मुलांना गाठतो. विषाणू पेशीला चिकटतो तो या प्रथिनाच्या जोरावर, आणि शरीरातली प्रतिपिंडं नेम धरतात तेही यावरच. त्याचा स्फटिक तेव्हा कुणाकडे नव्हता. पण गोचिडीतून पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूच्या ‘ई’ प्रथिनाचा आकार १९९५ साली ‘नेचर’मध्ये आला होता. हा चुलत भाऊ. त्याच्यावर बेतून पुण्यात मॉडेल उभं राहिलं. भोवती पाच हजारांच्या आसपास पाण्याचे रेणू धरून ते सुधारलं गेलं आणि प्रतिपिंडं कुठे चिकटत असतील त्या जागा हुडकल्या गेल्या. १९९९ साली हे काम ‘व्हायरॉलॉजी’त छापून आलं.

अशा मॉडेलमधली वळणं निसर्गात शक्य आहेत का, हे जगभर रामचंद्रन आलेखावर तपासतात. तो १९६३ साली मद्रासमधून आला. त्याच जी. एन. रामचंद्रन यांच्या एका निबंधात कोळस्कर सहलेखक आहेत.

२००० साली हीच युक्ती पेशीपटलावरच्या रिसेप्टरांपर्यंत पोचली. गाईच्या डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिनचा आकार उलगडला. माणसात या कुळातले सुमारे ८०० रिसेप्टर आहेत. अ‍ॅड्रेनालिनचे, हिस्टामिनचे, डोपामिनचे. दमा, रक्तदाब, अ‍ॅलर्जीवरची कितीतरी औषधं त्यांच्यावरच काम करतात. पुढची सात वर्षं या सगळ्यांची मॉडेलं मुख्यतः या एकाच चेहऱ्यावरून बेतली गेली.

२००७ साली अ‍ॅड्रेनालिनच्या बीटा-२ रिसेप्टरचा खरा आकार दिसला. पटलातून आरपार जाणाऱ्या सात पिळांची चौकट अपेक्षेप्रमाणेच होती. पण ऱ्होडॉप्सिनच्या खिशावर झाकण असतं, कारण त्याला प्रकाश पकडणारा रेणू आतच जपायचा असतो. बीटा-२चं तोंड मोकळं होतं, कारण अ‍ॅड्रेनालिनला बाहेरून आत यायचं असतं. औषध शिरतं नेमकं तिथेच चुलत भावाचा चेहरा फसवा निघाला. २०१२ साली जपानी मेंदूज्वराच्या ‘ई’ प्रथिनाचाही स्फटिक मिळाला. घडण कुळाचीच होती. मात्र त्याचे दोन रेणू एकमेकांना जोडले जातात तो सांधा भावंडांच्या मानाने फारच छोटा निघाला.

आमच्या धंद्यात जुना कोड उचलून नव्या कामाला लावणं रोजचंच आहे. ज्या ओळींना हात लावला नाही, त्या अजूनही जुन्याच कामाचा विचार करत असतात. मॉडेलचंही तसंच. कुळाला जे सामाईक ते बहुधा बरोबर येतं, आणि ज्यामुळे हे प्रथिन वेगळं ठरतं तिथेच ते डळमळतं.

२०२१पासून अल्फाफोल्डची मॉडेलं कुणालाही फुकट बघता येतात, अगदी फोनवरसुद्धा. तेही प्रयोगशाळांनी आधी शोधलेल्या आकारांवरच शिकलं आहे. त्यात भरवशाचा भाग निळा दिसतो आणि बेभरवशाचा नारिंगी. पुण्यात १९९९ साली असे रंग भरून देणारं कुणी नव्हतं. कुठे थांबायचं, हे मॉडेल करणाऱ्यालाच ठरवावं लागे. आणि गडद निळ्या भागावरून औषध बनवायला घेतलं, तरी त्या खिशाचं तोंड खरंच उघडं आहे का, हे आजही प्रयोग करूनच बघावं लागतं.