नांगराच्या कारखान्यातून निघालेले मासिक

१/ विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा तो घेण्यास शेतकरी पुढे येईनात. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होते, असा समज रूढ होता. पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. चांगली वस्तू घडवणे हे एक काम आणि तिच्याविषयी लोकांच्या मनात विश्वास उत्पन्न करणे हे दुसरे, हा धडा या उद्योगाला अगदी आरंभीच मिळाला.

२/ पुढे कारखान्याला बेळगाव सोडावे लागले. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात, कुंडलजवळ, जागा दिली. १९१० मध्ये त्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसू लागली.

३/ माल वाडीत तयार होई. गिऱ्हाईक मात्र दूरदूरच्या खेड्यांत विखुरलेले. त्यांच्यापर्यंत नियमितपणे पोहोचण्याचे साधन म्हणून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. त्याचे संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, अर्थात ‘शंवाकि’. ते स्वतः चित्रकार होते आणि व्यंगचित्रेही काढत.

४/ कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती देणे हा आरंभीचा हेतू. परंतु निव्वळ जाहिरातीसाठी कोणी पुढच्या अंकाची वाट पाहत नाही. हळूहळू अंकात उद्योग, स्वावलंबन, विज्ञान आणि समाजसुधारणा यांवरील लेख आले. कथा आणि चित्रे आली. नावातील ‘खबर’ गळून पडली आणि ‘किर्लोस्कर’ हे मराठीतील एक मान्यवर मासिक झाले.

५/ १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे जन्मली. शिक्षण, विवाह, घरातील स्थान अशा प्रश्नांवर बोलण्यासाठी स्त्रियांना ‘स्त्री’च्या रूपाने हक्काचे व्यासपीठ लाभले.

६/ यात व्यापारी जोखीम होती. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार करणारे निबंध ‘किर्लोस्कर’मध्ये प्रसिद्ध झाले. पोथीनिष्ठेवर प्रहार करणारे लेखन ज्या नावाखाली छापले जाई, तेच नाव नांगरावरही होते. लेख वाचून दुखावलेला वाचक उद्या गिऱ्हाईक म्हणून पाठ फिरवू शकत होता. तरीही मासिकाने आपली भूमिका सौम्य केली नाही.

७/ या धाडसामागील संगती पाहण्याजोगी आहे. नांगराच्या वाटेत प्रथम आडवा आला होता तो न पारखता स्वीकारलेला एक समज. यंत्र विकत घ्यायचे, तर माणसाने जुनी समजूत तपासून पाहण्यास तयार व्हावे लागते. मासिक नेमकी तीच सवय लावत होते. त्यामुळे सुधारणेचा आग्रह आणि उद्योगाचे हित परस्परांपासून फार दूर नव्हते.

८/ परिणामी, ज्या शहरी घरांना नांगराची कधीच गरज पडली नाही, त्यांनाही किर्लोस्कर हे नाव आपले वाटू लागले. आज व्यवसाय आपल्याभोवती वाचकांचा समुदाय उभारू पाहतात, तेव्हा त्यांच्यापुढे हाच पेच असतो: लोक जमले, की त्यांना रुचेल तेवढेच सांगायचे, की पटलेलेही सांगायचे? किर्लोस्करवाडीने दुसरा मार्ग पत्करला होता.