कुक्कुटखाद्यातील नैसर्गिक पूरके व मांसाची प्रत

कोंबड्यांच्या, विशेषतः ब्रॉयलर पक्ष्यांच्या, खाद्यात अल्प प्रमाणात मिसळल्या जाणाऱ्या आणि मांसाचा रंग, स्वाद, रसदारपणा व टिकाऊपणा यांवर परिणाम करू शकणाऱ्या वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवजन्य पदार्थांना नैसर्गिक खाद्यपूरके म्हणतात. वाढ वेगाने व्हावी म्हणून खाद्यात प्रतिजैविके घालण्यास स्वीडनने १९८६ मध्ये आणि यूरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून मनाई केल्यावर (पहा : प्रतिजैविके) या पर्यायांच्या अभ्यासाला गती मिळाली.

कोंबडीच्या मेदात असंतृप्त वसाम्ले गोमांसातील मेदापेक्षा अधिक असतात. त्यांचे ऑक्सिडीभवन, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग, झाल्यास साठवलेले मांस खवट होते. ओव्यातील थायमॉल, ओरेगॅनोतील कार्व्हाक्रॉल, हळदीतील करक्युमीन आणि रोझमेरीचा अर्क यांत ही क्रिया मंदावण्याचा गुण असतो. ई जीवनसत्त्व (पहा : जीवनसत्त्वे) मात्र पक्षी जिवंत असतानाच पेशीपटलांत साठते, त्यामुळे कत्तलीनंतरही त्याचे संरक्षण टिकते आणि मांसाला वरून लावलेल्या ऑक्सिडीभवन-रोधकापेक्षा ते अधिक खोलवर पोहोचते. जवसामुळे मांसातील ओमेगा-३ वसाम्ले वाढतात, पण रोधकाची जोड नसल्यास खवटपणाही वाढतो. झेंडूच्या पाकळ्यांतील ल्युटीनमुळे त्वचा पिवळी दिसते. पोषणमूल्याशी या रंगाचा फारसा संबंध नाही. प्रजीवके, म्हणजे आतड्यांस उपकारक जिवंत सूक्ष्मजीव, प्रामुख्याने पचनमार्गावर कार्य करतात व मांसावरील त्यांचे परिणाम एकसारखे आढळत नाहीत.

वनस्पतीचा वाण, काढणीचा काळ आणि अर्क काढण्याची पद्धत यांनुसार घटकांचे प्रमाण बदलते, म्हणून एकाच नावाच्या पूरकाची मात्रा सर्वत्र सारखी ठरवता येत नाही (पहा : कुक्कुटपालन, मांस उद्योग).