टिकणं म्हणजे राखणं: एका स्वीडिश शब्दाचं कूळ

स्वीडिश भाषेत टिकाऊपणाला म्हणतात 'होल्बारहेत'. दूध किती दिवस चांगलं राहील, एखादा युक्तिवाद कितपत टिकेल आणि पृथ्वी आपल्याला किती काळ पुरेल, या सगळ्यांना हाच एक शब्द. १९८७च्या ब्रुंटलँड अहवालातली विकासाची कल्पना जगभर पोचली, तेव्हा स्वीडिशमध्ये तिच्यासाठी हाच घरगुती शब्द रुळला. आपण 'टिकाऊ' चपलांना ठेवला आणि विकासासाठी संस्कृतातून 'शाश्वत' आणला.

शब्द फोडला की तीन तुकडे हाती येतात. पहिला 'होल', म्हणजे धरणं. हा घरचाच, जुन्या नॉर्समधल्या 'हाल्दा'चा वारस. पण याचा सख्खा भाऊ गॉथिक भाषेत भेटतो आणि तिथे गंमत आहे. चौथ्या शतकात बिशप वुल्फिलाने बायबल गॉथिकमध्ये आणलं. त्याची सहाव्या शतकातली एक प्रत, जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिलेली, १६४८ साली प्रागच्या लुटीतून स्वीडनला गेली. आज ती उप्साला विद्यापीठात आहे. तिच्यात उधळ्या मुलाला डुकरं राखायला धाडतात, आणि 'राखायला'साठी शब्द येतो 'हाल्दान'. आपणही गुरं राखतो आणि चार पैसे राखून ठेवतो, त्यामुळे हा प्रवास मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

उरलेले दोन तुकडे मात्र पाहुणे. हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांबरोबर 'बार' आणि 'हेत' हे प्रत्यय बाल्टिक समुद्र ओलांडून आले. स्टॉकहोममध्ये या जर्मनांचं प्रस्थ इतकं, की नगरपरिषदेत ते निम्म्याहून जास्त नसावेत असा नियम चौदाव्या शतकात करावा लागला. १४७१ मध्ये त्यांच्या जागा गेल्या. प्रत्ययांना कोणी हात लावला नाही!

'हेत'चा पूर्वज म्हणजे 'रीत, प्रकार' अशा अर्थाचा शब्द. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं संस्कृत 'केतु'शी जोडतात, हो, राहू-केतूमधलाच. 'बार' वाहण्याच्या धातूतून आलेला, म्हणजे आपल्या 'भार'चा चुलतभाऊ. कोणी कोणाकडून उसना घेतलेला नाही, दोघांचा पणजोबा एक. शेजारच्या डॅनिश आणि नॉर्वेजियन लोकांनी तर शाश्वत विकासासाठी थेट वाहण्याचंच क्रियापद घेतलं. स्वीडिश माणूस धरून ठेवतो, शेजारी वाहून नेतात, आणि शेजाऱ्यांचा तो धातू स्वीडिश शब्दाच्या पोटात आधीपासून बसलेला आहे.