आवाज आला, शब्द नाही

कवीने विजेच्या गोष्टी कशाला सांगाव्यात, असे तुम्हाला वाटेल. पण माईकने एकदा दगा दिला की कवीलाही त्याची कुळकथा शोधावी लागते. माझ्या तरुणपणी आपल्या शहरातल्या एका मुशायऱ्यात मला मराठी गझल वाचायला बोलावले होते. वाचून खाली उतरलो, तर मागच्या रांगेतले एक बुजुर्ग म्हणाले, ‘‘बेटा, आवाज तो आई, अल्फाज नहीं आए.’’ माईकवाल्याला विचारले. तो म्हणाला, ‘‘माईक हाय इम्पिडन्सचा आहे अन् वायर लांब पडली, भाऊ.’’ त्या एका वाक्याचा अर्थ कळायला मला बरीच वर्षे लागली.

इम्पिडन्स म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या विजेला होणारा एकूण विरोध. मराठी परिभाषेत त्याला संरोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. इम्पिडन्स हा शब्द ऑलिव्हर हेविसाइड यांनी 1886 मध्ये दिला. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तार कंपनीत नोकरी केलेला हा इंग्रज माणूस. तो जमाना टेलिफोनचा होता. खांबांवरच्या उघड्या तारांतून मैलोन्‌मैल बोलणे न्यायचे, तर आवाजातली तुटपुंजी शक्ती वाटेत सांडून चालणार नव्हती. देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा संरोध सारखा असला की जास्तीत जास्त शक्ती पोहोचते. शिवाय लांब तारेच्या टोकाला संरोध जुळला नाही, तर विजेची लहर तिथे आपटून परत येते आणि बोलणाऱ्याला आपलाच प्रतिध्वनी ऐकू येतो. उघड्या तारांच्या जोडीचा संरोध सुमारे 600 ओहम. म्हणून टेलिफोनची उपकरणे 600 ओहमची झाली आणि तोच आकडा पुढे रेडिओने उचलला. 16 जुलै 1948 रोजी आपले नागपूर आकाशवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा जगभरच्या स्टुडिओंत हाच रिवाज होता. देणाऱ्याचे 600, घेणाऱ्याचेही 600.

आता सभेकडे वळू. डिसेंबर 1920 मध्ये नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. असहकाराच्या ठरावावर इथेच शिक्कामोर्तब झाले. चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी होते आणि ध्वनिक्षेपक नव्हता. वक्त्याची छाती जितकी, तितकीच त्याची सभा. 8 ऑगस्ट 1942 रोजी गोवालिया टँकवर गांधीजी बोलले, तोवर माईकचा जमाना आला होता. त्या काळच्या सभांच्या छायाचित्रांत माईकवर ‘शिकागो रेडिओ’ हे नाव दिसते. ही कंपनी मोटवानी कुटुंबाची, आपल्याच देशातली.

आणि 14 ऑक्टोबर 1956. दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखोंच्या समुदायाला बावीस प्रतिज्ञा दिल्या. भाषणातला एखादा शब्द हुकला तर चालतो, माणूस आशय धरून बसतो. प्रतिज्ञेत तसे चालत नाही. ती शब्दागणिक ऐकायची आणि आपल्या तोंडाने म्हणायची असते. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ती अक्षरशः ऐकू येणे, हे ध्वनियंत्रणेचे मोल.

पण लांबवर कर्णा लावायचा तर अडचण तारेची. कर्ण्याचा संरोध 8 ओहम. दोनशे मीटरवर तो लावला, तर जाण्यायेण्याची बारीक तारच नऊ ओहमच्या घरात जाते. निम्म्याहून अधिक शक्ती तार तापवण्यात संपते. त्यावर उपाय तोच, जो कोराडीची वीज दूर नेताना करतात. दाब वाढवायचा. अ‍ॅम्प्लिफायर 100 व्होल्ट देतो आणि प्रत्येक कर्ण्यापाशी छोटा ट्रान्सफॉर्मर बसवतात. 20 वॉटचा कर्णा मग तारेला 500 ओहमचा दिसतो आणि तारेतली गळती दोन टक्क्यांवर येते.

दुसरे टोक माईकचे. माझ्या त्या माईकचा संरोध सुमारे 50 हजार ओहम असावा. माईकच्या वायरीत आतली तार आणि बाहेरची जाळी मिळून थोडी वीज साठवतात. तीस मीटर वायरीत ही साठवण इतकी होते की, हजार कंपनांच्या वरचे सूर झपाट्याने विरू लागतात. स्वरांचा भरणा त्याखाली असतो. स, श, ख, फ या व्यंजनांची ओळख पटते ती त्याच्या वर. म्हणून मागे आवाज गेला आणि शब्द गळाले. हाच माईक 200 ओहमचा असता, तर त्या वायरीने कानाला जाणवेल असे काहीच खाल्ले नसते.

मग अ‍ॅम्प्लिफायरही 200 ओहमचा हवा का? नाही. इथे जुना टेलिफोनी हिशेब बदलतो. अ‍ॅम्प्लिफायरला शक्ती नको, फक्त विजेचा दाब हवा. दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या तर निम्मा दाब माईकमध्येच राहतो. घेणाऱ्याचा संरोध दसपट ठेवला, तर जेमतेम अकरावा हिस्सा जातो. व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आले, तसा हा रिवाज सर्वत्र पक्का झाला. देणाऱ्याचा संरोध कमी, घेणाऱ्याचा भरपूर. जुळणे याचा अर्थ नेहमीच बरोबरी असा नसतो. ऐकणाऱ्याने बोलणाऱ्यावर भार न टाकणे हेही जुळणेच.

त्या मुशायऱ्यानंतर मी एक सवय लावून घेतली. कार्यक्रमाआधी शेवटच्या रांगेत जाऊन बसतो. माईकवाला ‘हॅलो, हॅलो’ करतो, पण त्यात ना स, ना श. म्हणून त्याला सांगतो, ‘‘भाऊ, एकदा ‘साठ शेंगा, शंभर फुलं’ म्हण.’’ तो हसतो, पण म्हणतो. साठ आणि शेंगा वेगळ्या ऐकू आल्या, की मी वही घेऊन मंचाकडे निघतो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)