हर-२ प्रोटीन म्हणजे काय? रिपोर्टमधल्या ‘२+’चा खरा अर्थ



गेल्या वर्षी एका संध्याकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर मावशीच्या बायॉप्सी रिपोर्टची पीडीएफ आली. स्तनाचा कॅन्सर आहे हे आधीच कळलं होतं. या नव्या रिपोर्टमध्ये एक ओळ होती, ‘हर-२ : २+’. मोबाईलवर शोधून काढायचं काम घरात माझ्याकडेच असतं, म्हणून सगळ्यांनी मला विचारलं. मी दोन-चार लिंक उघडल्या, अधिकचं चिन्ह पाहिलं आणि लिहून टाकलं, "पॉझिटिव्ह आहे. यावर खास औषध मिळतं."

ते चुकीचं होतं. पुढचे काही दिवस घरचे त्या औषधाच्या खर्चाची जुळवाजुळव करत बसले. तुमच्याकडून अशी चूक होऊ नये म्हणून आज आपण हे प्रोटीन, त्याची टेस्ट आणि त्यावरची औषधं समजून घेऊया.

हर-२ नेमकं काय करतं?

हर-२ हे आपल्या सगळ्यांच्या शरीरात असणारं प्रोटीन आहे. ते बनवायची कृती १७व्या गुणसूत्रावरच्या ईआरबीबी-२ या जनुकात असते. हे प्रोटीन पेशीच्या आवरणात रुतून बसलेलं असतं, एक टोक बाहेर आणि एक आत. शेजारच्या तशाच प्रोटीनशी त्याची जोडी जमली की आतलं टोक पेशीला निरोप देतं, ‘वाढ, एकाचे दोन हो’.

निरोगी स्तनपेशीवर अशी साधारण २० हजार प्रोटीन असतात. काही कॅन्सरमध्ये या जनुकाच्या नेहमीच्या २ प्रतींऐवजी कितीतरी जास्त प्रती तयार होतात आणि प्रोटीनची संख्या २० लाखांपर्यंत जाऊ शकते. एवढी गर्दी झाली की जोड्या आपोआप जमतात. नोटिफिकेशन बंदच होऊ नये, तसा वाढीचा निरोप चालूच राहतो. स्तनाच्या दर १०० कॅन्सरपैकी साधारण १५ ते २० कॅन्सर या प्रकारचे, म्हणजे हर-२ पॉझिटिव्ह असतात.

आधी खूण, मग निशाणा

१९८७ मध्ये अमेरिकेतले डॉ. डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्या रुग्णांमध्ये या जनुकाच्या प्रती जास्त, त्यांचा आजार लवकर उलटतो. म्हणजे हर-२ ही आजाराची खूण ठरली. यालाच बायोमार्कर म्हणतात.

पण हे प्रोटीन पेशीच्या बाहेरही डोकावतं, म्हणजे औषधाला ते धरता येतं. जेनेनटेक कंपनीने त्याला चिकटणारी अँटिबॉडी बनवली, तिचं नाव ट्रास्टुझुमॅब. सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली आणि सोबत हर-२ तपासणाऱ्या टेस्टलाही. कारण सरळ आहे. निशाणा असेल तरच औषध लागू पडणार, आणि निशाणा आहे की नाही हे टेस्टच सांगणार. पुढे बंगळुरूच्या बायोकॉनने याच औषधाचं बायोसिमिलर भारतात आणलं.

टेस्ट कशी वाचायची?

बायॉप्सीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये जपलेला असतो. त्याच्या पातळ कापावर आयएचसी नावाची टेस्ट करतात. हर-२ जिथे असेल तिथे तपकिरी रंग चढतो. तो किती गडद आणि किती पेशींवर चढला, यावरून आकडा ठरतो.

० किंवा १+ : निगेटिव्ह
२+ : अनिश्चित, पुढची टेस्ट हवी
३+ : पॉझिटिव्ह

म्हणजे इथलं अधिकचं चिन्ह रक्तगटातल्या चिन्हासारखं नाही. मी तिथेच फसलो.

२+ आलं की बहुतेक वेळा फिश टेस्ट करतात. त्यात प्रोटीन न पाहता थेट जनुकाच्या प्रती मोजतात. सूक्ष्मदर्शकाखाली चमकणारे ठिपके दिसतात, काही हर-२ जनुकाचे आणि काही १७व्या गुणसूत्राच्या मध्याचे. हर-२चे ठिपके दुप्पट किंवा त्याहून जास्त आणि पेशीमागे सरासरी किमान ४ असतील, तर रिपोर्ट पॉझिटिव्ह.

मावशीचं काय झालं?

तिची फिश निगेटिव्ह आली. मावशी मला म्हणाली, "अरे, म्हणजे ते चांगलं औषध मला मिळणारच नाही का?" चूक माझी होती, पण आशा तिने लावली होती.

डॉक्टरांनी तिला समजावलं, "निशाणाच नाही, तर औषध लागणार कुठे? आणि तुमच्या हृदयाला उगाच धोका कशाला?" हृदयाच्या स्नायूंनाही हर-२ची गरज असते. म्हणूनच ट्रास्टुझुमॅब सुरू करण्याआधी आणि चालू असताना टू-डी इको करतात. मावशीचा कॅन्सर हार्मोन पॉझिटिव्ह होता, त्यामुळे तिला हार्मोनच्या गोळ्या लागू पडणार होत्या. टेस्टच्या ‘नाही’ने तिचा खर्च वाचवला आणि योग्य औषधही दाखवलं.

२+ची ओळख बदलली

ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकन या औषधाला एका नव्या गटासाठी मंजुरी मिळाली. हे औषध म्हणजे पाठीवर केमोचा डोस घेऊन जाणारी अँटिबॉडी. थोडं हर-२ असलं तरी ती पेशी शोधून डोस आत पोहोचवते. १+ किंवा ‘२+ पण फिश निगेटिव्ह’ असलेल्या कॅन्सरला आता ‘हर-२ लो’ म्हणतात. तो शरीरात इतरत्र पसरला असेल, तर या औषधाचा विचार होऊ शकतो.

लक्षात ठेवा

१) फिशचा निकाल येईपर्यंत २+ला ना पॉझिटिव्ह म्हणा, ना निगेटिव्ह.
२) आयएचसीचा मूळ आकडा असलेला रिपोर्ट जपून ठेवा. ‘निगेटिव्ह’ एवढंच लिहून ठेवू नका.
३) दुसरं मत हवं असेल तर लॅबकडून ब्लॉक मागता येतो का ते विचारा.

मावशीच्या गोळ्या चालू आहेत. तिचे दोन्ही रिपोर्ट मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेत. ग्रुपवर आता कोणाचाही रिपोर्ट आला की मी अर्थ लावत बसत नाही, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून देतो.

माहिती उपयोगी वाटली तर गरज असलेल्यांपर्यंत नक्की पोहोचवा.