त्सावोचे सिंह आणि माणसांची मोजदाद

आजच्या केनियातील त्सावो नदीवर १८९८ साली युगांडा रेल्वेचा पूल बांधला जात असताना दोन आयाळहीन सिंहांनी नऊ महिने मजुरांच्या छावण्या हैराण केल्या. ही हकिकत आपण शिकारकथा म्हणूनच वाचत आलो. नायक अर्थात अभियंता पॅटरसन. आम्हांला खटकतात ते तिच्यातले आकडे. १९०७ च्या पुस्तकात त्याने २८ हिंदी मजूर मोजले. आफ्रिकी बळींची सरकारी नोंदच नव्हती. पुढे त्याचाच आकडा १३५ वर गेला. (शिकार्‍याचे सावज वर्षागणिक वाढतेच!) अखेर २००९ साली शिकागोच्या संग्रहालयातील त्या सिंहांचे केस व हाडे तपासून संशोधकांनी सुमारे ३५ बळींचा अंदाज बांधला. ज्यांची नोंद सरकारने ठेवली नाही, त्यांचा हिशेब खाणार्‍याच्या हाडांत सापडावा!

मजूर बहुतेक पंजाबातले. करार कामाचा होता, भक्ष्य होण्याचा नव्हे, असे म्हणत डिसेंबरात शेकडोंनी रुळांवर आडवे पडून गाडी थांबवली आणि ते निघून गेले. सिंह मेल्यावर काम पुन्हा सुरू झाले. त्या संपूर्ण रेल्वेवर सुमारे ३२,००० हिंदी मजूर गेले. त्यांतले जवळपास २,५०० मेले, बहुतेक रोगराईने आणि अपघातांत.