बुडालेल्या पूर्वजाचा माग

२८ जून १९०४ रोजी ‘नॉर्गे’ ही डॅनिश आगबोट उत्तर अटलांटिकमधील रॉकॉल येथे खडकावर आपटून बुडाली. न्यूयॉर्कला निघालेले सहाशेंहून अधिक जीव गेले; त्यांत नॉर्वेजियन पुष्कळ. अशा एखाद्याचा माग काढायचा तर आपण आरंभ कोठून करावा? न्यूयॉर्कचे दप्तर व्यर्थ. तेथे उतरलेल्यांचीच नोंद. नावही दगा देते. ओलेचा मुलगा ओल्सेन. पुढे राहत्या शेताचे नाव लागे, शेत सोडले की तेही बदले. (कायम आडनावाचा कायदा १९२३ चा!) आमच्या मते खरा आधार दोनच वह्यांचा: चर्चची जन्मनोंद आणि क्रिस्तियानियाच्या, म्हणजे आजच्या ओस्लोच्या, पोलिसांनी ठेवलेली परदेशी जाणाऱ्यांची. ‘अमेरिकेत गेला नि घर विसरला’ असा ज्याच्यावर ठपका, त्याच्या नावापुढे तेथे बोटीचे नाव वाचावे.